जादूघरातला डबा

खीर अजून पातेल्यात गरम होती, बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला आलेल्या पोरी दारात चपला शोधत होत्या, तोच शहादेवरावांनी बहिणीला डबा आणायला सांगितलं. ज्योत्स्नाने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओव्हाळांच्या घरात सून होऊन आल्यापासून तिला या डब्याइतका संताप कशाचाच आला नव्हता. सासूबाई टोमणे मारायच्या, पण त्या निदान तोंडाने मारायच्या.

डबा म्हणजे सागवानी पेटी. वर मनगट आत जाईल एवढं गोल तोंड, त्याला पितळी कडं, खाली ओढायचा खण. घरात काही मोठं ठरवायचं असलं की प्रत्येक पुरुषाच्या हातात दोन गोट्या द्यायच्या, एक पांढरी, एक काळी. हो म्हणायचं असेल तर पांढरी डब्यात, नको असेल तर काळी. उरलेली गोटी झोळीत टाकून द्यायची, म्हणजे कुणी काय केलं ते कुणाला कळत नाही. एक जरी काळी निघाली तरी विषय मोडला, पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत पुन्हा काढायचा नाही. आणि काळी कुणाची, हे मरेपर्यंत कुणी कुणाला विचारायचं नाही. बायकांना गोटी नाही.

बायकांना का नाही, असं ज्योत्स्नाने लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. सासऱ्यांनी, शहादेवरावांनी, शांतपणे सांगितलं, सायबाच्या लॉजात बाया नव्हत्या. या उत्तरावर काय बोलायचं ते तिला त्या दिवशी सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. छप्पन सालानंतर या घराने धम्म घेतला तेव्हा मरीआई गेली, खंडोबाचे टाक गेले, जोगवा गेला, उपासतापास गेले. सगळे देव गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले. राहिला कोण, तर सायबाचा डबा.

आज विषय जादूघराचा होता. ओव्हाळांचं घर आणि जादूघर, म्हणजे सायबाच्या लॉजची जुनी इमारत, एकाच आवारात, मध्ये कडुलिंब. हायवे आता रिसालेवाडीच्या अंगाला येऊन भिडला होता आणि मांजरसुंब्याच्या सुंदररावांना जादूघर पाडून तिथे लग्नाचं लॉन्स काढायचं होतं. हा सौदा आणला होता शहादेवरावांच्या धाकट्या मुलाने, नवनाथने. थोरला समाधान, म्हणजे ज्योत्स्नाचा नवरा, यावर महिनाभर काहीही बोलला नव्हता. तो कशावरच बोलत नाही, पण या वेळी त्याचं न बोलणं ज्योत्स्नाला फार लागलं. कारण जादूघरात तिची मुलींची अभ्यासिका भरत होती.

त्या जाड भिंतींमुळे आत मे महिन्यातही गार असतं. आसपासच्या वस्त्यांवरच्या, पार लिंबागणेशकडच्या मुली काळीपिवळीने येऊन तिथे दिवसभर बसायच्या. कुणी पोलीस भरतीचं करायची, कुणी नर्सिंगचं, कुणी तलाठ्याचं. घरी पुस्तक उघडलं की लगेच पाणी आणायची हाक येते अशा या मुली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सांभाळून ज्योत्स्नाने हे उभं केलं होतं आणि त्या हॉलवर तिचा जीव होता. तो राहणार की जाणार, हे आज तीन पुरुष मूठ झाकून ठरवणार, आणि तिने म्हणे खीर वाढायची. तिने पातेल्यावर झाकण घातलं, पदर खोचला आणि ती जादूघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. बायकांना आत बसायला मनाई नव्हती, मत द्यायला होती.

मालनबाई डबा घेऊन आल्या. शहादेवरावांची ही बहीण तरुणपणी सासरहून परत आली ती जादूघराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिली. हॉल झाडणं, फरशी पुसणं, मुलींसाठी माठ भरणं सगळं त्याच करायच्या. डबा फिरवायचं कामही त्यांचंच, कारण डबा फिरवणाऱ्याला मत नसतं आणि त्यांना ते नव्हतंच.

दारावर चाँद येऊन उभा राहिला. मत पडताना दाराबाहेर एक माणूस लागतो, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. चाँद समोरच्या गॅरेजचा मालक. त्याचा पणजा रिसाल्यातल्या घोड्यांना नाल ठोकायचा, म्हणून हा मान त्यांच्या घरात. हातात तलवार पाहिजे, चाँदकडे काठी होती. जीपवाला पंक्चर काढायला बसून आहे, लवकर उरका, असं त्याने आल्या आल्या बजावलं.

लवकर कुठलं उरकतंय. डबा फिरायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्याने जादूघराची कहाणी सांगायची, असाही नियम. शहादेवरावांनी घसा साफ केला. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, त्यांचा आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जाईल असा.

कहाणी घरात सगळ्यांना पाठ. निजामाच्या राज्यात रिसालेवाडीला घोडदळाची छावणी होती. तिथले काही गोरे साहेब, हैदराबादचे एक-दोन अंमलदार आणि एक पारशी ठेकेदार यांनी मिळून फ्रीमेसन लोकांचं लॉज काढलं. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी घातली, दारावर चुन्यात गवंड्याचा गुण्या आणि कंपास कोरला. ठरल्या दिवशी ते दार लावून आत बसायचे, कमरेला कातड्याचे एप्रन बांधायचे, एकमेकांना भाई म्हणायचे आणि आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ घ्यायचे. गावाला कुणी काही सांगेना, म्हणून गावाने आपलं ठरवून टाकलं की आत भुतं नाचवतात. तेव्हापासून ते जादूघर. नवा माणूस भाई करून घ्यायचा तर डबा फिरवायचा. एक काळी निघाली की माणूस बाहेर.

आणि दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभा असायचा सटवाजी ओव्हाळ, शहादेवरावांचा आजा. नियमाने दारावरचा माणूससुद्धा भाईच लागतो, हे समाधानला अलीकडे मोबाईलवर कळलं होतं. रिसालेवाडीत तेवढे भाई नव्हते, म्हणून सटवाजी. आत बसलेले सगळे एका पातळीवरचे, कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, हे सगळं तो दाराच्या फटीतून ऐकायचा. पुढे एका कॅप्टनला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं दारात उभा आहे, याला भाई करून घेऊ. त्याने नाव मांडलं. डबा फिरला. एक काळी निघाली.

“एक सोडून समद्यांनी आज्ज्याला हो म्हणलं,” शहादेवराव म्हणाले. दर वेळी या ठिकाणी त्यांचा आवाज भरून यायचा. “गावात आडावर चढू देत न्हवते आपल्याला, आन् हितं नवाबाच्या मानसांनी, गोऱ्या सायबांनी पांढरी टाकली. एक सोडून समद्यांनी.”

आणि त्या एकाचं चाललं, हे ज्योत्स्नाने दर वेळेसारखं मनात म्हटलं. या घराला तिथे मान दिसतो आणि तिला बंद दार दिसतं. सटवाजीबाबाला चीड कशी आली नाही, हे तिला कधी समजलं नाही. उलट दुसऱ्या सकाळी त्याने नेहमीसारखी फरशी पुसली. पुढे रिसाला उठला, साहेब गेले, लॉज बंद पडलं. शेवटी उरलेल्या तिघा भाईंनी इमारत सटवाजीच्या नावाने हिबा करून दिली, म्हणजे बक्षीस दिली, आणि आत काय असेल ते तुझं म्हणाले. आत डबा होता.

कहाणी संपली आणि बाहेरून चाँदने काठीने दार ठोकलं. आरं झालं का बे, जीपवाला चाललाय. समाधान त्याला ओरडून म्हणाला, आत्ता सुरू होतंय. चाँद बाहेर पुटपुटत राहिला.

मालनबाईंनी गोट्या वाटल्या. विषय शहादेवरावांनी मांडला, सुंदररावाला जागा द्यायची, हो का नको. डबा फिरला, प्रत्येकाचा हात मनगटापर्यंत आत गेला, उरलेल्या गोट्या झोळीत पडल्या. खण ओढला. दोन पांढऱ्या, एक काळी.

ज्योत्स्नाच्या छातीवरचा दगड उतरला. पण लगेच नवनाथ उभा राहिला आणि सरळ समाधानकडे बघायला लागला. विचारायचं नसतं, पण बघायला कोण अडवणार?

“मी न्हाई,” समाधान म्हणाला.

“इचारलं का कुणी?”

“बघतूस कशाला मग?”

काळी कुणाची ते सांगायचं नाही, हा नियम ओव्हाळांचा आहे. आपल्याला तो लागू नाही, तेव्हा सांगून टाकावं. समाधान खरं बोलत होता. त्याने पांढरी टाकली होती. बायकोची अभ्यासिका जाणार हे त्याला माहीत होतं, त्याला ती जायला नकोही होती. पण काळी निघाली तर सगळे म्हणणार बायकोने शिकवून पाठवला, या भीतीने या गृहस्थाने पांढरी टाकली. अशा नवऱ्याचं काय करायचं ते ज्योत्स्नाला कळलं असतं तर तिने तिथेच केलं असतं.

काळी शहादेवरावांची होती. विषय त्यांनीच मांडला, आणि काळीही त्यांनीच टाकली. जादूघर विकायचं म्हटल्यापासून त्यांना झोप नव्हती. पण नवनाथला ते नाही कसं म्हणणार? थोरल्याला कॉलेजात घातलं आणि पैसे पुरेनात म्हणून धाकट्याची शाळा सोडवली, त्याचं ओझं या बापाच्या मनावर होतं. नवनाथने काही मागितलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. हात मात्र डब्यात बरोबर चालायचा.

तसं म्हटलं तर डब्याने शहादेवरावांना कधी सुखही दिलं नव्हतं. मालनबाईंसाठी लिंबागणेशच्या एका कंपाउंडरने मागणी घातली होती, भला माणूस होता, तिला दुसऱ्यांदा घर मिळालं असतं. तेव्हा वडील, चुलते आणि शहादेवराव यांच्यात डबा फिरला आणि एक काळी निघाली. शहादेवरावांनी पांढरी टाकली होती. बहिणीला ते सांगावं असं त्यांना शंभरदा वाटलं. पण सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही. वडील गेले, चुलते गेले, आणि बहीण आपल्यालाच दोष देत असेल का, हे कोडं त्यांच्यापाशी राहिलं. माणूस किती मूर्ख असावा याला काही सुमार असतो, पण नियमाने वागणाऱ्याला तो सापडत नाही.

आता साहेबांचा आणखी एक नियम. एखादवेळी हात चुकतो, म्हणून काळी निघाली तर डबा पुन्हा फिरवता येतो. एकूण तीनदा. नवनाथने तोच नियम काढला. कुणाचा तरी हात चुकला असंल, परत फिरवा.

डबा परत फिरला. एक पांढरी, दोन काळ्या.

दुसरी काळी समाधानची. एक काळी आहेच तर आपलीही त्यात गेली, कोण ओळखणार, असा त्याचा हिशोब. कुणीतरी आधी नाही म्हटलेलं असलं की याला धीर येतो. ज्योत्स्नाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला नेमकं कळलं, पहिल्या वेळी याने काय केलं आणि दुसऱ्या वेळी काय केलं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टी कळायला डबा उघडावा लागत नाही. ती इतकी चिडली की तिला हसू यायला लागलं.

नवनाथ मात्र पेटला. मोठ्याने बोलायला लागला की या घरात त्याचं कधी कुणी ऐकलं आहे का, शिकलेल्यांचंच चालतं, त्याने बाजारात चार माणसांत शब्द दिला त्याची किंमत कुणाला आहे का. शहादेवराव खाली बघत राहिले. समाधान म्हणाला, शब्द देताना आम्हाला विचारलं होतं का. मग दोघे भाऊ उभे, दोघांचे आवाज चढलेले. बाहेरून चाँद ठोकतोय. मालनबाई डबा पोटाशी धरून दोघांच्या मधे उभ्या, कुणी त्यांना बाजूला हो म्हणेना की बस म्हणेना.

“तिसऱ्यांदा फिरवा,” नवनाथ म्हणाला. “तिसऱ्याला जे निगंल ते निगंल.”

आता हे नवनाथचं. सौदा आणला तेव्हा तो खरंच खूश होता. त्याचा जेसीबी कामाविना उभा होता, बायको बीडात जागा घेऊ म्हणून मागे लागली होती. पण मागच्या आठवड्यात तो सुंदररावांच्या ढाब्यावर गेला होता. चारपाच बड्या लोकांदेखत सुंदरराव त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, काळजी करू नको, लॉन्स झालं की गेटवर तुलाच ठेवतो, घरची जागा हाय, घरचाच माणूस गेटवर बरा. बाकीचे हसले. नवनाथही हसला आणि घरी येऊन जेवला नाही. तेव्हापासून त्याला हा सौदा मोडायला हवा होता. पण दिलेला शब्द आपल्या तोंडाने मागे कसा घ्यायचा? घरच्यांनी मोडला तर सांगता येईल. म्हणून तो घरच्यांशी भांडत होता, की मोडा एकदाचा, आणि मोडला म्हणून मला तुमच्यावर ओरडूही द्या. पहिल्या दोन्ही वेळा त्याने दिल्या शब्दाला जागून पांढरी टाकली होती; दोन काळ्या बघितल्यावर आता त्याचाही हात मोकळा झाला.

डबा तिसऱ्यांदा फिरला. मालनबाईंनी खण ओढला आणि तशाच धरून उभ्या राहिल्या.

तिन्ही काळ्या.

तिघेही एकदम रागावले. म्हणजे सगळ्यांना नकोच होतं, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला फसवलं. समाधान बापाला म्हणाला, आबा, तुम्हीसुद्धा? शहादेवराव नवनाथला म्हणाले, आरं तूच तर आणलास ना सौदा? नवनाथ म्हणाला, मग महिनाभर कुणी बोललं का न्हाई?

ज्योत्स्ना उठली. अभ्यासिका वाचली होती, तिने खरं तर आनंद मानून खीर गरम करायला हवी होती. पण तिला आनंद झालाच नाही. महिनाभर ती रात्री जागी राहिली होती. मुलींना दुसरी जागा बघा असं सांगून झालं होतं, एक-दोघी रडल्या होत्या. आणि कशासाठी, तर जे कुणालाच नको होतं ते तिघांपैकी एकालाही तोंडाने म्हणता येत नव्हतं.

“मामा, एक इचारू?” ती सासऱ्यांना म्हणाली. “पुढल्या साली आणखी कुणी सुंदरराव यील. मग परत हेच. परत तुमी तिघं मूठ झाकून बसणार आन् मी भितीला टेकून. आजच्या आज दुसरा विषय घ्या. संस्था नोंदवायची आन् जादूघर सारं संस्थेच्या नावावर करायचं. अभ्यासिका कायमची. आन् ह्या वेळी गोटी मला बी पायजे, आत्याला बी.”

शहादेवराव म्हणाले, तसं कधी झालेलं नाही. ती म्हणाली, कधी झालेलं नाही अशा पुष्कळ गोष्टी या घराने केल्या, म्हणून तर तुम्ही कंडक्टर झालात आणि मी मास्तरीण. आता साहेबांनी बायांना घेतलं नाही म्हणून आपण घ्यायचं नाही, तर सटवाजीबाबालाही त्यांनी घेतलं नव्हतं, मग तुम्ही तरी कशाला या डब्यात हात घालता? हे ती पहिल्यांदाच तोंडावर बोलली. समाधान घाबरून बापाकडे बघायला लागला. शहादेवरावांचा चेहरा उतरला, ते फरशीच्या चौकटींकडे बघत बसले.

तिची बाजू घेतली ती नवनाथने, ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं होतं आणि अशा वेळी माणूस उदार होतो.

“द्या की वैनीला गोटी,” तो म्हणाला. “तिघं मिळून काय दिवे लावले आपण?”

समाधान म्हणाला, माझी हरकत नाही. बापाने मान हलवली, हो म्हणून की थकून म्हणून, कुणाला कळलं नाही. ज्योत्स्नाने ते हो धरलं.

मग प्रश्न आला, डबा कोण फिरवणार? मालनबाईंना आता मत होतं. चाँदला हाक मारली. तो दार उघडून अर्धा आत आला आणि थांबला. मत पडायच्या वेळी त्याच्या घरातलं कुणी आजवर उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. दारावर कोण मग, त्याने विचारलं. ज्योत्स्ना म्हणाली, कुणी नको, उघडं राहू दे. जीपवाला कधीच निघून गेला होता, तेव्हा चाँदलाही घाई नव्हती. त्याने पँटला हात पुसले आणि ग्रीसच्या बोटांनी डबा जपून धरला.

मालनबाई खाली बसल्या. भावाच्या रांगेत न बसता ज्योत्स्नाच्या शेजारी बसल्या. चाँदने त्यांच्या हातावर दोन गोट्या ठेवल्या. आयुष्यभर त्यांनीच त्या धुतल्या होत्या, पुसल्या होत्या, वाटल्या होत्या. तरी त्यांनी त्या पहिल्यांदाच बघितल्यासारख्या उलटसुलट करून बघितल्या. ज्योत्स्नाने हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला फार बरं वाटत होतं. या बाईसाठी आपण आज काहीतरी केलं, असं तिला मनापासून वाटलं.

डबा फिरला. पाच हात आत गेले. चाँदने खण ओढला, आत बघितलं आणि नको त्या वेळी आत आल्याचा पस्तावा त्याच्या तोंडावर दिसायला लागला.

चार पांढऱ्या, एक काळी.

ज्योत्स्नाचा तोल गेला. नियम गेला खड्ड्यात, कुणाची आहे ते सांगा, ती म्हणाली. मामा, तुमची का? भाऊजी, तुमची? एवढं गोड बोलून गोटी दिलीत ती यासाठीच का? नवनाथने लेकराची शपथ घेतली. समाधानने आधीच हात वर केले, मी न्हाई, खरंच न्हाई, आणि त्याचा चेहरा पाहून तिला पटलं. राहिले सासरे. ती त्यांच्याकडे वळली तेव्हा शहादेवराव नुसते बघत होते, दुखावलेल्या माणसासारखे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या बाजूने पांढरी टाकली होती आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं.

“ती काळी माझी हाय,” मालनबाई म्हणाल्या.

ज्योत्स्नाला वाटलं त्यांचा हात चुकला. डोळ्यांना कमी दिसतं, पहिलीच वेळ. ती म्हणाली, आत्या, काळी म्हणजे नको, पांढरी म्हणजे हो. मालनबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. काळी कुठली आणि पांढरी कुठली हे त्या घरात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“माले, सांगायचं नसतंय,” शहादेवराव म्हणाले.

“तुमी नका सांगू, दादा. मी सांगते.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “समदं संस्थेच्या नावावर करायचं म्हणली ही. मागल्या दोन खोल्या बी त्यातच आल्या. मी कुठं हाय त्यात?”

“आत्या, तुमाला कोण काढतंय तिथून? तुमी हाईतच की.”

“हाईतच की. आई बी असंच म्हणायची. दादा बी म्हणतो. आता तू म्हणतीस. कागदावर कुणीच म्हणलं न्हाई.”

ज्योत्स्ना म्हणाली, मला आधी सांगायचं होतं ना आत्या, आज सगळ्यांदेखत अशी काळी टाकायची काय गरज होती. तिचा आवाज रडवेला झाला होता. हात चुकलाच नव्हता, तेव्हा डबा परत फिरवायचं कारण नव्हतं आणि आता वर्षभर विषय काढता येणार नव्हता, नवा सुंदरराव आला तर अभ्यासिका पुन्हा तिघांच्या मुठीत होती, आणि हे केलं कुणी, तर जिच्यासाठी ती सासऱ्यांना तोंडावर बोलली होती तिने.

“तू इचारलंस का मला?” मालनबाई म्हणाल्या.

संस्थेचं ज्योत्स्नाने सगळ्यांना विचारलं होतं. मुलींना विचारलं होतं, शाळेतल्या हेडमास्तरांना, समोरच्या चाँदच्या बायकोला, सुरैयाला, बीडच्या वकिलाला. मुलींचा माठ भरून झाला की मालनबाई रोज तिच्यासमोरून खराटा घेऊन जात होत्या, आणि त्यांना विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. त्यांचं मत तिने आपलंच धरलं होतं, न विचारता, सरसकट. तिला लाज वाटली, आणि लाज वाटते याचाही राग आला.

शहादेवराव म्हणाले, विषय मोडला, आता पुढल्या बुद्धपौर्णिमेला. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नवनाथ भिंतीला टेकून उभा राहिला, समाधान बसला होता तिथेच बसला. चाँदला जावं की थांबावं कळेना, तो डबा हातात घेऊन तसाच उभा होता.

ज्योत्स्ना मालनबाईंच्या समोर फरशीवर बसली.

“मग आत्या, तुमाला काय पायजे?”

मालनबाईंनी पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकवली, पदराने तोंड पुसलं.

“नीट बस,” त्या म्हणाल्या. “लई हाय.”